लष्करी चलन

लष्करी चलन म्हणजे परदेशात किंवा युद्धात ताब्यात आलेल्या प्रदेशात तैनात असलेल्या सैन्याच्या व्यवहारांसाठी काढलेले, ठरावीक क्षेत्रात आणि ठरावीक काळापुरतेच चालणारे कागदी चलन होय. ते देशाच्या नेहमीच्या चलनाहून वेगळे असते. सैनिकाचे वेतन, छावणीतील दुकाने व उपाहारगृहे आणि काही वेळा ताब्यातील प्रदेशाचा एकूण बाजार यांसाठी त्याचा वापर होतो. ब्रिटिश सैन्याची ‘विशेष व्हाउचरे’, अमेरिकी सैन्याची ‘मिलिटरी पेमेंट सर्टिफिकेट’ नावाची देयक प्रमाणपत्रे, दोस्त राष्ट्रांच्या लिरा, फ्रँक व मार्क नोटा आणि जपानने आग्नेय आशियात काढलेल्या नोटा ही त्याची प्रमुख उदाहरणे आहेत. भारताच्या संदर्भात १९४५ मध्ये ब्रह्मदेशासाठी विशेष छापा मारलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा महत्त्वाच्या ठरतात.

हे चलन ज्या सत्तेच्या शब्दावर चालते ती सत्ता हटली किंवा तिने शब्द फिरवला, की हातातील नोट तत्क्षणी निरुपयोगी होते. त्यामुळे लष्करी चलनाचा इतिहास सैन्याच्या हिशेबाचा आहे, तसाच ते स्वीकारणे भाग पडलेल्या सामान्य माणसांच्या नुकसानीचाही आहे.

स्वरूप व प्रकार

लष्करी चलनाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ताब्यात घेतलेल्या प्रदेशातील सैनिक आणि नागरिक या दोघांनाही बंधनकारक असणाऱ्या नोटा येतात. दोस्त राष्ट्रांनी इटलीत काढलेल्या लिरा नोटा आणि जपानने ब्रह्मदेशात काढलेल्या रुपयाच्या नोटा या प्रकारच्या होत्या. दुसऱ्या प्रकारात केवळ सैनिक व सैन्याशी संलग्न अधिकृत व्यक्ती यांनाच वापरता येणारी व्हाउचरे किंवा प्रमाणपत्रे येतात. ती छावणीच्या कुंपणाबाहेर चालत नाहीत आणि स्थानिक नागरिकाने ती बाळगणे नियमाविरुद्ध मानले जाते. तिसऱ्या प्रकारात देशाच्या नेहमीच्याच नोटेवर वेगळा छापा मारून किंवा वेगळ्या रंगाची मुद्रा उमटवून ती विशिष्ट प्रदेशापुरती मर्यादित केलेली असते.

मराठेशाहीत फौजेच्या खर्चासाठी एखाद्या महालाच्या वसुलावर ‘वरात’ दिली जाई. लांबच्या मुलखात पैसा पोहोचवण्यासाठी सावकाराची हुंडी वापरली जाई. या दोन्हींमध्ये कागदाच्या आधारे पैसा दिला जात असला, तरी त्यांना लष्करी चलन म्हणता येत नाही. वरात व हुंडी विशिष्ट व्यक्तीला विशिष्ट रक्कम देण्याचे आदेश असत. लष्करी चलन मात्र हातोहात फिरणारा पैसा असतो.

वेगळे चलन काढण्याची कारणे

परदेशातील सैन्याला मायदेशाच्या नोटा दिल्यास तीन प्रकारचे धोके संभवतात. पहिला धोका शत्रूकडून असतो. सैन्याला माघार घ्यावी लागली आणि खजिना शत्रूच्या हाती पडला, तर त्या नोटा तो जगात कोठेही वापरू शकतो. नोटा वेगळ्या ओळखू येणाऱ्या असल्या, तर तेवढ्याच रद्द करता येतात. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर १९४२ मध्ये अमेरिकेने हवाई बेटांवरील नेहमीच्या नोटा काढून घेतल्या आणि ‘हवाई’ असा ठळक छापा असलेल्या नोटा तेथे चालू केल्या, त्या याच कारणाने. उत्तर आफ्रिकेत उतरलेल्या अमेरिकी सैन्याला पिवळी मुद्रा असलेल्या वेगळ्या नोटा देण्यात आल्या होत्या.

दुसरा धोका स्थानिक बाजाराला असतो. सैनिकांच्या हातातील बळकट परकीय चलन बाजारात उतरले, की लोक आपल्या देशाच्या चलनाकडे पाठ फिरवतात, वस्तू महागतात आणि परकीय नोटांची साठेबाजी सुरू होते.

तिसरा धोका सैन्याच्याच तिजोरीला असतो आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तोच निर्णायक ठरला. जर्मनीत मार्क आणि डॉलर यांचा अधिकृत दर दहा मार्कांस एक डॉलर असा होता. चोरट्या बाजारात मार्काची खरी किंमत याहून फारच कमी होती. समजा, छावणीच्या दुकानात एक डॉलरला मिळणारा सिगारेटचा खोका एखाद्या सैनिकाने बाहेर एक हजार मार्कांना विकला. ते मार्क त्याने अधिकृत दराने लष्करी खजिन्यात बदलून घेतले, तर त्याच्या हाती शंभर डॉलर येत. खजिन्यात पडून राहत ते कोणी न विचारणारे मार्क. सैनिकांना वाटलेल्या वेतनापेक्षा अधिक रकमा सैनिकांकडूनच मायदेशी रवाना होऊ लागल्या, तेव्हा ही गळती अमेरिकी लष्कराच्या ध्यानात आली. अमेरिकेने मार्क छापण्याचे ठसे १९४४ मध्ये सोव्हिएत संघालाही दिलेले असल्यामुळे एकूण किती मार्क छापले जात आहेत यावरही कोणाचे नियंत्रण उरले नव्हते.

इतिहास

सुरुवातीचे उदाहरण

सैन्याला कागदी पैसा देण्याचे एक जुने उदाहरण उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीत आढळते. १६८५ मध्ये फ्रान्सहून नाणी घेऊन येणारे जहाज वेळेवर आले नाही. सैनिकांचे वेतन थकले, तेव्हा वसाहतीचा प्रशासक जाक द म्यूल याने खेळण्याच्या पत्त्यांवर किमती लिहून व सह्या करून ते चलन म्हणून वाटले. हा तात्पुरता उपाय पुढे अनेकदा वापरण्यात आला.

पहिले महायुद्ध

पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्य मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरले. त्यात पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन अग्रभागी होती आणि तिच्यात मराठा पलटणींचा समावेश होता. याच डिव्हिजनला पुढे कुट येथे वेढा पडून एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागले. या मोहिमेसाठी वेगळे चलन काढण्यात आले नाही. सैन्याबरोबर भारतीय रुपयाच तेथे गेला आणि युद्ध संपल्यानंतरही तो इराकचे चलन म्हणून टिकून राहिला. १ एप्रिल १९३२ रोजी इराकी दिनार चलनात आला, तेव्हा १३⅓ रुपयांस एक दिनार या दराने रुपये बदलून देण्यात आले. युद्धकाळात चांदीची टंचाई झाल्यामुळे भारत सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ मध्ये अडीच रुपयांची कागदी नोट काढली. लहान रकमेच्या कागदी नोटेची सवय सामान्य भारतीयाला लागण्यामागे अशा प्रकारे युद्धाचा हात होता.

दुसरे महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धात लष्करी चलनाचा सर्वाधिक प्रसार झाला. ब्रिटनने ‘ब्रिटिश मिलिटरी ऑथॉरिटी’ या नावाने सहा पेन्सपासून एक पौंडापर्यंतच्या नोटा काढल्या. त्यांवर मुकुटावर उभ्या असलेल्या सिंहाचे चिन्ह होते. लिबियातील ट्रिपोलिटानिया प्रांतासाठी लिरामध्ये वेगळ्या लष्करी नोटा काढण्यात आल्या. १९४३ मध्ये दोस्त सैन्य सिसिलीत उतरले, तेव्हा अमेरिकेत छापलेल्या लिरा नोटा इटलीत चालू झाल्या. त्यांचा दर डॉलरला १०० लिरा आणि पौंडाला ४०० लिरा असा ठरवण्यात आला होता. या नोटांच्या मागील बाजूस भाषण, धर्म, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती ही चार स्वातंत्र्ये इंग्रजीत छापलेली होती.

इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी पराक्रम गाजवणारे शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रणभूमीवरील भारतीय सैनिकाचा बराचसा पगार घरी कुटुंबाकडे पाठवला जाई किंवा त्याच्या नावावर जमा होई. खर्चापुरती रक्कम त्याला स्थानिक चलनात मिळे. इटलीत दोस्त राष्ट्रांच्या लिरा नोटा हा त्या स्थानिक चलनाचाच भाग होता.

फ्रान्ससाठी १९४४ मध्ये अशाच फ्रँक नोटा छापण्यात आल्या. मात्र जनरल द गॉल यांनी त्यांना ‘खोटा पैसा’ म्हटले. चलन काढण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचा अधिकार आहे आणि परक्या सैन्याने तो वापरणे म्हणजे फ्रान्सला जिंकलेला देश मानणे होय, अशी त्यांची भूमिका होती.

ब्रह्मदेशातील रुपया

ब्रह्मदेश १९३७ मध्ये भारतापासून प्रशासकीय दृष्ट्या वेगळा झाला. तरी तेथील मध्यवर्ती बँकेचे काम भारतीय रिझर्व्ह बँकच पाहत होती. १९४२ मध्ये जपानने हा देश जिंकला आणि तेथे स्वतःच्या रुपया नोटा चालू केल्या. एक सेंटपासून शंभर रुपयांपर्यंतच्या या नोटांवर ब्रह्मदेशाची खूण म्हणून ‘बी’ हे रोमन अक्षर असे. मलायासाठी ‘एम’, तर फिलिपिन्ससाठी ‘पी’ हे अक्षर वापरले जाई. बहुतेक नोटांवर अनुक्रमांक नसून केवळ अक्षरे असत. त्यांच्यामागे सोने-चांदी किंवा अन्य कोणताही राखीव निधी नव्हता. गरज पडेल तशा नोटा छापल्या गेल्या आणि युद्धाच्या अखेरीस त्यांची किंमत पार घसरली. आझाद हिंद सरकारने एप्रिल १९४४ मध्ये रंगून येथे आझाद हिंद बँक स्थापन केली, ती याच काळात.

मे १९४५ च्या आरंभी ब्रिटिश भारतीय सैन्याने रंगून परत घेतले. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढणाऱ्या चौदाव्या सेनेत भारतीय सैनिकांची संख्या सर्वांत मोठी होती. सैन्यापाठोपाठ आलेल्या लष्करी प्रशासनाने एक, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा चालू केल्या. मूळ नोटा सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र असलेल्या भारतीय नोटाच होत्या. भारतीय नोटांची छपाई १९२८ पासून नाशिक रोड येथील सरकारी मुद्रणालयात होत असे. या नोटांवर ‘ब्रह्मदेश लष्करी प्रशासन, केवळ ब्रह्मदेशात कायदेशीर चलन’ या अर्थाचा इंग्रजी छापा मारण्यात आला. या एका ओळीमुळे नोटेचे क्षेत्र बदलले. मुंबईत किंवा कोलकात्यात तिला कायदेशीर चलनाचा दर्जा राहिला नाही. १९४७ मध्ये लष्करी प्रशासनाऐवजी ‘बर्मा करन्सी बोर्ड’ या नावाचा छापा असलेल्या नोटा आल्या आणि रिझर्व्ह बँकेचे ब्रह्मदेशातील कार्य संपले.

परत आलेल्या ब्रिटिश प्रशासनाने जपानी नोटांना मान्यता दिली नाही. त्या तीन वर्षांत लोकांनी धान्य विकून, मजुरी करून, दुकान चालवून जे कमावले होते, ते याच नोटांमध्ये होते. त्या नोटा नाकारण्याचा पर्याय त्यांना कधीच नव्हता. मलाया व सिंगापूर येथेही सप्टेंबर १९४५ नंतर तेच घडले. युद्धापूर्वीच्या नोटा ज्यांनी लपवून ठेवल्या होत्या ते तरले. ज्यांनी तत्कालीन सत्तेचा हुकूम पाळला त्यांची पुंजी बुडाली.

ब्रिटिश विशेष व्हाउचरे

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९४६ मध्ये ‘ब्रिटिश आर्म्ड फोर्सेस स्पेशल व्हाउचर’ या मालिकेचा आरंभ केला. पहिल्या मालिकेत तीन पेन्सपासून एक पौंडापर्यंतची व्हाउचरे होती. ती सैन्याच्या उपाहारगृहांत, दुकानांत व करमणुकीच्या ठिकाणी चालत. जर्मनी व ऑस्ट्रियाखेरीज जपानमधील ब्रिटिश राष्ट्रकुल फौजेतही अशी व्हाउचरे वापरात होती. १९४६-४७ मध्ये या फौजेत भारतीय ब्रिगेडचा समावेश होता आणि इटलीत लढलेली मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण त्या ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेडचे नेतृत्व काही काळ ब्रिगेडियर के. एस. थिमय्या यांच्याकडे होते. ते पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले.

अमेरिकी देयक प्रमाणपत्रे

वर सांगितलेली गळती थांबवण्यासाठी अमेरिकेने १६ सप्टेंबर १९४६ पासून परदेशातील आपल्या सैनिकांना डॉलरऐवजी देयक प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. सैनिकाला वेतन प्रमाणपत्रांत मिळे. गरजेपुरते स्थानिक चलन तो प्रमाणपत्रे देऊन घेऊ शके. स्थानिक चलन देऊन प्रमाणपत्रे मात्र घेता येत नसत. पैशाच्या प्रवाहाला असे एकमार्गी दार बसवल्यामुळे चोरट्या बाजारातील कमाई डॉलरमध्ये रूपांतरित करणे अवघड झाले. नाण्यांचा वापर टाळण्यासाठी पाच सेंटपर्यंतची लहान रक्कमही कागदीच असे. १९४६ ते १९७३ या काळात एकूण तेरा मालिका वापरात आल्या.

बदलाचा दिवस

या व्यवस्थेचा कणा म्हणजे मालिका अचानक बदलण्याची पद्धत. बदलाचा दिवस आधी जाहीर होत नसे. त्या दिवशी छावणीचे दरवाजे बंद केले जात. बाहेरच्याला आत आणि आतल्याला बाहेर जाण्यास मनाई असे. प्रत्येक सैनिक आपल्याजवळील जुनी प्रमाणपत्रे देऊन नवी घेई. दुसऱ्या दिवशी जुन्या मालिकेचा कागद कवडीमोल होई. व्हिएतनाममध्ये ऑगस्ट १९६५ च्या अखेरीस प्रमाणपत्रे लागू झाली. त्यानंतर २१ ऑक्टोबर १९६८, ११ ऑगस्ट १९६९ आणि ७ ऑक्टोबर १९७० रोजी मालिका बदलण्यात आल्या.

नियमानुसार स्थानिक नागरिकांकडे ही प्रमाणपत्रे असणेच अपेक्षित नव्हते. प्रत्यक्षात छावणीभोवतीचे दुकानदार, कपडे धुणारे, मद्यालयांत काम करणाऱ्या स्त्रिया आणि फेरीवाले सैनिकांकडून तीच स्वीकारत, कारण सैनिकांच्या खिशात दुसरे काही नसे. बदलाच्या दिवशी मोठे काळाबाजारवाले ओळखीच्या सैनिकांमार्फत आपला साठा बदलून घेण्याची धडपड करत. ज्यांची आत ओळख नव्हती अशा लहान माणसांची कमाई मात्र बुडे. चोरटा बाजार मोडण्यासाठी केलेल्या उपायाचा भार अशा रीतीने त्या बाजाराच्या सर्वांत खालच्या पायरीवरील लोकांवर पडत असे.

भारतातील निगडित उदाहरणे

स्वतंत्र भारताने परदेशी गेलेल्या सैन्यासाठी स्वतंत्र टपाल तिकिटे काढली. कोरियातील युद्धबंदीनंतर १९५३ मध्ये युद्धकैद्यांची देखरेख करण्यासाठी मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौज तेथे गेली. दक्षिण कोरियाच्या सरकारने तिला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे सैनिकांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. त्यांच्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा देवनागरी छापा मारण्यात आला. ‘कटक’ हा सैन्य या अर्थाचा शब्द जुन्या मराठीतही रूढ होता.

देशाबाहेरील वापरासाठी वेगळी नोट काढण्याची कल्पना भारताने १९५९ मध्ये नागरी क्षेत्रात वापरली. आखाती प्रदेशात त्या काळी भारतीय रुपयाच चालत असे आणि त्याच्या आधारे सोन्याची चोरटी आयात होई. ती रोखण्यासाठी आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा, तर हज यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या स्वतंत्र नोटा काढण्यात आल्या. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये आणि १९६६ च्या रुपया अवमूल्यनानंतर कतार, दुबई इत्यादींनी या नोटांचा वापर थांबवला.

दुसऱ्या महायुद्धात भारतातील युद्धकैद्यांच्या छावण्यांत कैद्यांना रोख पैशाऐवजी कूपने दिली जात. पळून गेलेल्या कैद्याला ती बाहेर उपयोगी पडू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

बीड जिल्हा व हाली सिक्का

एकाच ठिकाणी दोन चलने असण्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नव्हता. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे निजामाचा ‘हाली सिक्का’ चालत असे. संस्थानाने १९१८ मध्ये कायदा करून स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपयांस सहा कलदार असा सर्वसाधारण दर होता, म्हणजे साठ कलदार रुपयांचे सत्तर हाली होत. कलदार पैसा संस्थानी बाजारात खर्च करायचा, तर हे गणित प्रत्येकाला करावे लागे.

या जिल्ह्यातील अंबाजोगाई, तेव्हाचे मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ही फौज निजामाच्या मुलखात असली, तरी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती आणि तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांकडे सोपवण्यात आला होता. हाली सिक्का हा लष्करी चलनाचा प्रकार नव्हे. तो संस्थानाचे पूर्ण कायदेशीर चलन होता. संस्थान विलीन झाल्यावर तो एका दिवसात रद्द न होता १९५० ते १९५९ या काळात भारतीय रुपयाबरोबर चालू राहिला आणि टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आला. ब्रह्मदेश किंवा हाँगकाँग येथे जे घडले त्याच्याशी ताडून पाहता या सावकाशीचे महत्त्व लक्षात येते. सत्ता बदलली तरी नवी सत्ता जुन्या नोटेची जबाबदारी घेते की नाही, यावर लोकांची बचत टिकणे अवलंबून असते.

भरपाईचा प्रश्न

हाँगकाँगमध्ये जपानने लष्करी येन चालू केले. सुरुवातीला दोन हाँगकाँग डॉलरला एक येन असणारा दर पुढे चार डॉलरला एक येन असा करण्यात आला आणि जून १९४३ पासून डॉलर बाळगण्यावर बंदी आली. ६ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या अर्थ मंत्रालयाने हे येन रद्द ठरवले. नोटा जपून ठेवलेल्या हाँगकाँगच्या रहिवाशांनी १९९३ मध्ये जपानमध्ये दावा दाखल केला. १७ जून १९९९ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. लोकांचे नुकसान झाले हे मान्य असले, तरी भरपाई देण्यास बंधनकारक असा कायदा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

याउलट उदाहरण ओकिनावाचे आहे. तेथे अमेरिकी लष्कराचा ‘बी’ येन जुलै १९४८ पासून एकमेव कायदेशीर चलन होता. सप्टेंबर १९५८ मध्ये तो मागे घेताना लोकांना त्याऐवजी डॉलर देण्यात आले.

ऱ्हास व सद्यःस्थिती

व्हिएतनाममधील अमेरिकी प्रमाणपत्रांचा वापर १५ मार्च १९७३ रोजी संपला आणि त्याच वर्षी कोरियातही ती बंद झाली. त्यानंतर बँक खाती आणि कार्डे यांमुळे सैनिकाला रोख वेतन देण्याची गरज कमी होत गेली. २००१ नंतर अफगाणिस्तानातील अमेरिकी छावण्यांच्या दुकानांत सुट्या नाण्यांऐवजी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या देण्यात येऊ लागल्या. नाण्यांचे वजन विमानाने वाहून नेणे परवडत नसल्याने हा उपाय करण्यात आला.

संग्रह

लष्करी चलनाच्या नोटा आज नाणी व नोटा जमवणाऱ्यांच्या आवडीचा विषय आहेत. जपानी नोटा मोठ्या प्रमाणावर छापल्या गेल्यामुळे सहज मिळतात व स्वस्त असतात. ब्रह्मदेशाच्या छाप्याच्या भारतीय नोटांबाबत अधिक सावधगिरी लागते. मूळ नोट तीच असल्याने साध्या नोटेवर नंतर बनावट छापा मारणे शक्य असते. म्हणून छाप्याची अक्षरे, शाई व जागा खात्रीच्या नोटेशी ताडून पाहावी लागते.